आउनेची जड गोळी

"आउने, यंदा तू कुत्र्यांबरोबर हाकाऱ्याला जा," शिकारी मंडळाचा म्होरक्या वेइयो म्हणाला. "बंदूक घेऊन ठाण्यावर दबा धरायला नव्या, वेगवान गोळीवालेच बसतील."

फिनलंडमधल्या त्या जंगलगावात आउनेने एकाहत्तर हिवाळे काढले होते. गेल्या शरदात तिची गोळी लागलेलं मूस हरीण पडायच्या आधी थेट दलदलीत चालत गेलं. ते ओढून काढताना सगळ्यांच्या नाकीनऊ आले होते. वेइयो ते विसरला नव्हता.

"तुझी हलकी गोळी विजेसारखी जाते आणि खांद्याच्या हाडावर फुटते," आउने म्हणाली. "निम्मं मांस रक्ताळून कुत्र्यांच्या वाट्याला. माझी जड गोळी सावकाश जाते, पण आरपार जाते. मी खाण्यासाठी मारते बाबा, आवाज ऐकायला नाही."

"म्हातारपणाचा हट्ट, दुसरं काय!"

"छे, तरुणपणापासूनचा आहे. विचार तुझ्या आईला."

कुणी कुठल्या ठाण्यावर बसायचं ते ठरवणारे लाकडी बिल्ले टोपीत होते. आउनेने कुणाला न विचारता हात घातला आणि एक बिल्ला उचलला. तो काढून घ्यायची छाती कुणाची झाली नाही.

ठाणं मिळालं दलदलीच्या काठचं. दुपारी कुत्री भुंकली आणि मूस बाहेर आलं, पण पार पलीकडच्या काठाला. आडवं उभं राहिलं. एवढ्या अंतरावर जड गोळी खाली उतरते, जनावर नुसतं जखमी होतं. वॉकीटॉकीवर वेइयो ओरडला, "मार, आउने! मार की!"

आउनेने बंदूक खाली केली. मूस झाडीत शिरलं. त्या दिवशी दुसरं कुणाच्याच समोर आलं नाही.

शेकोटीवर कॉफी उकळत होती. आउने ओंडक्यावर बसून काडीला लावलेला सॉसेज भाजत होती. वेइयो समोर येऊन उभा राहिला.

"माझ्या गोळीने तिथल्या तिथे पडलं असतं."

"पडलं असतं. तेवढ्या लांबून तुझीच गोळी बरी."

"मग बदल ना!"

"नाही बदलणार. जवळ आलं तर मारीन, लांब असलं तर जाऊ देईन."

"मग ठाणं सोड."

"तेही नाही."

"सभेत ठराव मांडतो."

"मांड. विरोधाला एक हात तर नक्की वर होईल."

आउनेशेजारी बसलेला म्हातारा ओइवा ओंडक्यावर थोडा सरकला आणि तिला म्हणाला, "ये, नीट बस."

"सरकतोस कशाला?" आउने म्हणाली. "मी बसलेलीच आहे."