नवे म्हणून बसवलेले लिफ्टर

कारखान्याच्या तपासणी खोलीत एकतीस वर्षं काढलेल्या त्या बाईंना सगळे ‘मायक्रॉन बाई’ म्हणत. तोंडावर नुसतं ‘बाई’, पाठ फिरली की मायक्रॉन. मापात केसाएवढा फरक निघाला तरी माल परत जायचा, आणि का परत जातोय ते दोन ओळींत लिहून मिळायचं. निवृत्तीनंतरही ही खोड गेली नाही. दाराला बिजागरी बसवायला आलेला सुतारसुद्धा त्यांच्यासमोर दोनदा माप घ्यायचा.

घरात त्या आणि त्यांची थोरली बहीण, अशा दोघीच. अक्काचा जन्म शाळेत शिकवण्यात गेलेला, आवाज अजून वर्गातलाच. मागच्या वर्षी अक्का घसरून पडली, खुबा मोडला, आणि पाच आठवडे बाईंचा मुक्काम दवाखान्यातल्या बाकावर. नेमकी त्याच दिवसांत त्यांची सव्वीस वर्षं जुनी गाडी टकटक करायला लागली. एरवी इंजिनाला त्यांनी परक्याचा हात लागू दिला नसता. अकरा वर्षांपूर्वी इंजिनाच्या झडपा, म्हणजे व्हॉल्व्ह, घासायचं काम त्यांनी घरीच केलं होतं. पण अक्काला घरी आणायचं होतं, बस तिला चढता येणार नव्हती, आणि बाईंना तर श्वास घ्यायलाही सवड नव्हती. गाडी चौकातल्या गॅरेजात गेली. तिथून आली ती कॅमशाफ्ट नवा, लिफ्टर नवे, अशी पावती घेऊन.

सात महिन्यांनी टकटक पुन्हा सुरू झाली. आधीपेक्षा मोठी.

गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडलंसुद्धा नाही. खुर्चीतूनच म्हणाला, “बाई, गाडी दामटवता तुम्ही. तेल वेळेवर बदलत नसणार.”

“तेल कधी बदललं ते मी तारखेनिशी दाखवते,” बाईंनी पर्समधून वही काढली.

त्यानं वहीकडे पाहिलंही नाही. बाकावर बसलेल्या दोन गिऱ्हाइकांकडे बघून हसला. “वहीवर गाडी चालत नाही हो. इंजिन गेलंय. भंगारात द्या आणि एक लहानशी गाडी घ्या, बायकांना झेपेल अशी.”

गिऱ्हाइकंही हसली. पलीकडे म्हातारा फिटर पाना फिरवत राहिला. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्यांनी एवढंच विचारलं, “लिफ्टर नवेच घातले होते ना?”

“आठच्या आठ. नवे कोरे.”

“मग जुने कुठायत?”

“ते कोण सांभाळून ठेवतं?” त्यानं हात झटकले.

बाई गाडी रखडत रखडत घरी घेऊन आल्या.  फाटक लावल्यावर अक्कासमोर तोंड सुटलं. “एकतीस वर्षं पोलाद मोजलं मी, आणि हा मला गाडी चालवायला शिकवतो! सात महिन्यांत कॅमशाफ्ट झिजतो कधी? लोण्याचा होता काय?”

“मग उघडून बघ की,” अक्का म्हणाली. “माझ्यापुढे ओरडून काय मिळणार?”

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात जुनी चादर पसरली. अक्का खुर्चीत, मांडीवर पुठ्ठा. पुठ्ठ्याला आठ भोकं, प्रत्येकाला आकडा. बाईंनी बॅटरी सोडली, पाणी काढलं, रेडिएटर बाहेर घेतला. वरचं झाकण उघडून आठ लांब सळ्या, म्हणजे पुशरॉड, एकेक करून वर काढल्या, आणि अक्कानं त्या पुठ्ठ्यात क्रमानं खोवल्या. मग इंजिनाच्या कुशीतलं झाकण काढून बाईंनी चुंबकाच्या काडीनं पहिला लिफ्टर वर ओढला.

लिफ्टर म्हणजे अंगठ्याएवढा पोलादी पेला. कॅमशाफ्टच्या फिरत्या दांड्यावरचे उंचवटे त्याला खालून उचलतात, आणि तो वरच्या व्हॉल्व्हला उघडायला लावतो. नव्या लिफ्टरचा तळ किंचित फुगीर असतो, त्यामुळे तो काम करता करता गोल फिरतो आणि सगळीकडून सारखा झिजतो. बाईंनी फडक्यानं तेल पुसलं, पोलादी पट्टीची कड तळाला लावली आणि आभाळाकडे धरली. पट्टीखाली मधोमध उजेड दिसला. तळ फुगीर तर नव्हताच, बशीसारखा खोलगट झाला होता.

“जुना आहे,” त्या म्हणाल्या.

“सात महिन्यांत झाला असेल,” अक्का म्हणाली. दुसरी बाजू मांडायची तिला सवयच होती.

बाईंनी लिफ्टर फिरवला आणि थांबल्या. अंगावर बारीक कोरलेला आकडा होता. दुसऱ्यावरही होता. सातव्यावर इंग्रजी सात, पोटातून आडवी रेघ मारलेला. कारखान्यात एक आणि सात यांची गल्लत होऊ नये म्हणून बाई तसाच सात लिहीत. अकरा वर्षांपूर्वी त्यांनीच, त्यांच्याच विजेच्या पेन्सिलीनं, याच अंगणात हे आकडे कोरले होते.

“अगं, हे तर तुझं अक्षर!” अक्का ओरडली.

 नव्या कॅमशाफ्टवर असे न फिरणारे जुने लिफ्टर घालणं म्हणजे त्याचा गळा आवळणंच. शिकाऊ माणसालाही ते कळतं. आणि पावतीवर ‘नवे’ लिहून वर त्यांच्याच चालवण्याला नावं ठेवायची! दुपारी कॅमशाफ्ट बाहेर आला तेव्हा तर पुरावाच मांडीवर पडला. तिसरा आणि सहावा उंचवटा घासून जवळजवळ गोल झालेले. मायक्रोमीटर लावला: दीड मिलिमीटर गायब.

“जाऊन त्याच्या टाळक्यात घाल,” मुलांना शांततेचे धडे शिकवत आलेली अक्का म्हणाली.

“आधी गाडी.”

नवा कॅमशाफ्ट आणि आठ लिफ्टर यायला नऊ दिवस लागले. आल्या आल्या बाईंनी सगळे मोजले. एकाचा तळ सपाट निघाला, तो दोन ओळींच्या चिठ्ठीसह परत गेला, बदली आला. इंजिनाखालचा तेलपॅन खोलून त्यांनी आतला सगळा चुरा धुऊन काढला. मग कॅमशाफ्टच्या प्रत्येक उंचवट्याला काळं घट्ट वंगण चोपडलं आणि श्वास रोखून तो इंजिनात सरकवला, एका बोटाचाही झटका न देता. आतल्या बेअरिंगला ओरखडा गेला तर केलं-सवरलं पाण्यात. कॅमशाफ्ट फिरवणाऱ्या टायमिंग चेनच्या चाकांवरच्या खुणा समोरासमोर आणल्या. अक्काला चष्मा लावून त्या दोनदा बघायला लावल्या.

पहिल्यांदा चालू केल्यावर अशा इंजिनाला मंद सोडायचं नसतं. वीस मिनिटं चढ्या वेगावर धरावं लागतं, तरच कॅमशाफ्ट आणि लिफ्टर एकमेकांशी जुळतात. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली आणि गल्ली दणाणली. बाजूच्या घरातले गृहस्थ कुंपणाशी येऊन हातवारे करू लागले.

“घड्याळ लावून वीस मिनिटं!” अक्का वर्गातल्या आवाजात गरजली. “तोवर खिडक्या लावून घ्या!” गृहस्थ गेले.

टकटक नव्हती. बाईंनी तेल बदललं, वहीत तारीख टाकली, आणि दुसऱ्या दिवशी अक्काला व्यायामाला नेताना गाडी गॅरेजासमोर उभी केली. गिऱ्हाइकं होतीच. बाईंनी काउंटरवर पावती ठेवली आणि तिच्यावर एकेक करून आठ लिफ्टर.

“हे नवे कोरे. यांवर माझं अक्षर आहे, अकरा वर्षांपूर्वीचं.”

गॅरेजवाल्याचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. “कामगाराची चूक असेल. बसा ना, चहा मागवतो. आपण आतमध्ये बोलू.”

“हसलात ते बाहेर. बोलायचंही बाहेरच. मला तुमचा पैसा नको. गाडी बाईंनी नीट चालवली होती, खोटं आम्ही बोललो, एवढं या लोकांसमोर म्हणा.”

तो फोन उचलून नसलेल्या माणसाशी बोलू लागला. बाई उभ्याच राहिल्या. शेवटी बाकावरचं एक गिऱ्हाईक उठलं आणि म्हणालं, “माझ्या गाडीतले काढलेले पार्ट आधी दाखवा. सगळे.” दुसरंही त्याच्यामागे उठलं. कबुली मात्र आली नाही ती नाहीच.

बाई गाडीकडे वळल्या, तेवढ्यात तोच म्हातारा फिटर हात पुसत मागोमाग आला. हळूच म्हणाला, “बाई, मी मालकाला म्हटलं होतं तेव्हा, जुने घालू नका म्हणून.”

त्याला वाटलं असावं, बाई निदान त्याच्याशी तरी गोड बोलतील.

“मालकाला म्हटलंत,” बाई म्हणाल्या. “मग मला का नाही म्हटलं? मी त्या दिवशी तिथं उभी होते. तो मला हसत होता आणि तुम्ही चार हातांवर मूग गिळून पाना फिरवत होतात.”

फिटरनं मान खाली घातली. “नोकरी आहे, बाई.”

“माझीही होती. एकतीस वर्षं.”

त्यांनी दार जोरात ओढून घेतलं. अक्का मागे वळून त्या म्हाताऱ्याकडे बघत होती. “जरा जास्तच बोललीस त्याला,” ती म्हणाली.

“मोजूनच बोलले,” बाई म्हणाल्या, आणि गाडी गिअरमध्ये टाकली.