रिकामी चालवायची जीप

अप्पांची जीप ऑइल प्यायला लागली तेव्हा मी लातूरला होतो आणि मला ते कुणी सांगितलं नाही. माझे वडील फोनवर बिघाडाची गोष्ट काढत नाहीत. माय आजारी पडली तर ती बरी झाल्यावर सांगतात. दिवाळीला गावी गेलो, तेव्हा सकाळी त्यांनी अंगणात जीप सुरू केली आणि मागून निळा धूर निघायच्या आतच मायनं दोरीवरचे ओले कपडे गोळा करून घरात नेले. ज्या सवयीनं तिनं ते कपडे उचलले, त्यावरून मला कळलं की हे बऱ्याच दिवसांचं आहे.

आमचं गाव मुखेडपासून थोडं आत आहे. अप्पांची जीप काळी-पिवळी, मुखेड ते नायगाव चालायची. किलोमीटरचं मीटर मी बारावीत असताना बंद पडलं, आणि त्याआधीच त्यातले आकडे पाहून लोक हसायचे. या जीपवर आमचं घर चाललं. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर, आणि ती पदवी त्या जीपच्या मागच्या दोन बाकांवर बसणाऱ्या लोकांनी मला दिली, असं मी म्हणतो तेव्हा उगाच नम्रपणा करत नाही. खरंच तसं झालं होतं.

नांदेडच्या कॉलेजात प्रवेशाचा शेवटचा दिवस होता. जातीचं प्रमाणपत्र त्याच सकाळी हातात पडलं. एस.टी. निघून गेली होती. अप्पांची जीप नायगावकडे निघाली होती, त्यात मी पुढे आणि मागे बारा-तेरा माणसं. दर फाट्यावर कुणी उतरणार, कुणी चढणार. घड्याळ बघून बघून माझा चेहरा कसा झाला असेल कोण जाणे. मागे एक कासारीण बसली होती, दर बाजारी बांगड्यांच्या पेट्या घेऊन जाणारी. मी मुखेडला शाळेत होतो तेव्हा बाजाराच्या दिवशी माझा डबा तिच्या पालाच्या सावलीत असायचा. तिनं अप्पांना जीप थांबवायला सांगितली आणि पेट्यांसकट उतरली. मग एकेक करून सगळेच उतरले. लेकराला आधी सोडून ये म्हणाले, आम्ही येतो मागून कशानंबी. अप्पा कुठेच न थांबता नांदेडला गेले. कॉलेजची खिडकी बंद व्हायला थोडा वेळ उरला होता.

आज मी लातूरला एका खासगी शिकवणीत भौतिकशास्त्र शिकवतो. पगार तासांवर आहे. नवी गाडी घेऊन देणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं. पण जीप बंद म्हणजे अप्पा बंद, हे मला दिसत होतं. त्या वर्षी कुणीतरी त्यांना पेट्रोल पंपावर रखवालदारी मिळवून दिली होती. दोन दिवस गेले आणि घरी येऊन बसले. म्हणाले, तिथं सगळ्या गाड्या जातात, आपण उभेच. मला एवढंच हवं होतं, की अप्पांनी आणखी चार-पाच वर्षं आपल्या स्टेअरिंगवर बसावं. इंजिनाचं काम करायचं ठरलं.

नांदेडला एक उस्ताद आहेत. त्यांच्या वडिलांपासून अप्पांची जीप तिथेच जाते. आधी आम्ही भंगारबाजार पाहिला, कारण अपघातातल्या गाडीचं तयार इंजिन दोन दिवसांत बसलं असतं. अप्पांनी एका इंजिनाचं झाकण काढून बोट आत घातलं, वास घेतला आणि बोट पायजम्याला पुसलं. कुणी कसं हाणलं असंल, काय सांगावं, म्हणाले. शिवाय इंजिनाचा नंबर बदलला की आर.सी.वर नोंद, त्यासाठी चकरा. म्हणून आमचंच इंजिन उतरवून, झिजलेले सिलिंडर आतून कातून बोर करून घ्यायचं नक्की झालं.

इंजिन उघडल्यावर उस्तादांनी माझं बोट धरून सिलिंडरच्या आतून फिरवलं. वरच्या काठाशी नख अडकलं. पिस्टन वर-खाली होऊन होऊन तिथे पायरी पडली होती. गुरं रोज एकाच जागेवरून गेली की माळावर वाट पडते, तशी ती होती. या वाटेवरून आपण सगळेच गेलो, असं वाटून मी बोट जरा जास्तच वेळ आत ठेवलं.

ब्लॉक लेथवर गेला. पिस्टन, रिंगा, बेअरिंग नवे आले. अप्पा लेथवाल्याकडे बसून होते, तेव्हा उस्तादांनी मला बाजूला बोलावलं. इंजिनाचं पाणी थंड करणारा रेडिएटर अर्धा चोंदलेला होता. नवा टाकला तर बरं, म्हणाले. मी माझ्या मनातला आकडा आधीच ओलांडून गेलो होतो. साफ करून चालेल का, असं मी विचारलं. उस्तादांनी हात फडक्याला पुसले.

"चालंल सर. पण चालंल म्हणजे नुसतं चालंल."

मी साफ करायला सांगितलं. अप्पांना हे सांगायचं राहून गेलं, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला समजावत होतो.

तीन आठवड्यांनी जीप सुरू झाली. अप्पांनी मागे धुराच्या नळीच्या तोंडाशी तळहात धरला, मग उलटा करून पाहिला. कोरडा होता. त्यांनी तो मलाही दाखवला. मग उस्तादांनी दोघांना समोर उभं केलं. पहिले हजार किलोमीटर पन्नासच्या वर जायचं नाही, ओझं घालायचं नाही, चढाला इंजिन रगडायचं नाही. नव्या रिंगा सिलिंडरवर घासून बसतात, तोवर ती बाळंतीण आहे असं समजायचं. मग ऑइल बदलून घेऊन यायचं. सवारी एकसुद्धा नाही.

अप्पा म्हणाले, "मला शिकिवतो का रं? तुझ्या बापाकडनं इंजिन करून घेतलंय मी."

"म्हणूनच सांगून राहिलो चाचा. अब्बा म्हणायचे, या माणसाच्या गाडीला ब्रेक हाय, पण तोंडाला न्हाई म्हणायची सोय न्हाई."

अप्पा हसले. मीही हसलो.

मी शिकवणीतून चार दिवसांची सुट्टी काढली होती. गॅरेजवरून आम्ही सरळ गावाकडे आलो नाही. भोकरच्या रस्त्याला वळलो, कारण त्या बाजूला अप्पांना कुणी ओळखत नाही. जीप रिकामी, वेग पंचेचाळीस, मागच्या बाकांवर फक्त आमच्या पिशव्या. एका फाट्यावर एका अनोळखी माणसानं हात केला आणि अप्पांचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी पाय काढला. पण पुढे बराच वेळ ते आरशात मागे बघत होते. आयुष्यात हात केलेल्या माणसाला सोडून ते कधी गेले नव्हते. जागा नसली तरी थांबून जागा नाही म्हणून सांगायचे, आणि बहुधा ती निघायचीच.

गावी आल्यावर आम्ही पहाटे लोक रस्त्यावर यायच्या आत एक फेरी करायचो. जीपवरच्या मुखेड-नायगावच्या पाटीवर पोतं बांधलं होतं. दोन दिवस नीट गेले. चौथ्या दिवशी मला परत लातूरला जायचं होतं, आणि तो मुखेडच्या बाजाराचा दिवस होता.

मी कुणाच्याही मोटारसायकलवर मुखेडपर्यंत जाऊ शकलो असतो. अप्पा म्हणाले, मी सोडतो. मला नको म्हणता आलं असतं. पण धूर नसलेल्या जीपमध्ये त्यांच्या शेजारी बसून मुखेडला जावं असं मलाही वाटत होतं, हे खरं आहे. मायनं नारळ फोडला, बोनेटला हळदीकुंकू लावलं, आणि दोरीवरचे कपडे तसेच राहू दिले.

पहिल्याच फाट्यावर कासारीण उभी होती. तिनं हातसुद्धा केला नाही. तिनं पेट्या रस्त्याच्या कडेला नेमक्या अशा ठेवल्या होत्या, जिथे जीपचं मागचं दार येऊन थांबतं. वीस वर्षं ते तिथेच येऊन थांबलं होतं. अप्पा थांबले.

मी हळू आवाजात म्हणालो, "अप्पा, उस्ताद काय म्हणाले होते?"

"एकटीच हाय," अप्पा म्हणाले. "पेट्या हलक्या हायेत."

पुढच्या फाट्यावर पाच जण होते आणि त्यांच्यासोबत कांद्याची पोती. कासारणीसाठी थांबलेली जीप त्यांना सोडून कशी जाणार? मी खाली उतरलो. नवं काम केलेलं इंजिन आहे, अजून ओझं चालत नाही, असं मी त्यांना समजावून सांगू लागलो. घर्षण, उष्णता, रिंगा. शंभर मुलांच्या वर्गात मी हे शिकवतो आणि मुलं लिहून घेतात. इथे त्या माणसांचे चेहरे आनंदानं फुलले. नवं इंजिन? मग आता तर चांगलंच ओढंल की. एकानं अप्पांचा हात धरून अभिनंदन केलं. पिकल्या मिशांचा एक म्हातारा, जो त्या प्रवेशाच्या दिवशीही जीपमध्ये होता, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "सर, तुमच्या कमाईचं इंजिन हाय. बसून बघू तरी द्या."

तो थट्टेनं म्हणाला. त्याच्या मनात जुनं काही नव्हतंही. पण मला ते बारा-तेरा जण पेट्या घेऊन रस्त्यावर उतरताना दिसले. त्यांना मी कोणत्या तोंडानं उतरा म्हणणार होतो? मी पुन्हा जागेवर येऊन बसलो. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पोती आत आली. त्यापुढच्या वस्तीवर आणखी चार जण आणि एक बोकड आला. बोकडाचं वजन धरू नका, तो आज विकायचाच आहे, असं कुणीतरी म्हणालं आणि सगळी जीप हसली. मी काचेमागचा, इंजिनाची उष्णता दाखवणारा काटा बघत होतो.

मुखेडच्या अलीकडे एक लांब चढ आहे. अप्पांनी दुसरा गिअर टाकला. ते शक्य तेवढं जपून चालवत होते, हे मी लिहून ठेवायला हवं. काटा मध्यावरून वर सरकला. त्यांनाही तो दिसत होता, कारण ते रस्त्याऐवजी त्याच्याकडेच पाहू लागले. थांबवा, असं मी म्हणायला हवं होतं. चढावर भरलेली जीप थांबवली तर पुन्हा उचलणार नाही, असं मी स्वतःला सांगत राहिलो. मागे कासारीण कुणाला तरी सांगत होती की याचा डबा माझ्या पालात असायचा. मग गरम लोखंडाचा वास आला. भांडी घासल्यासारखा आवाज आला, आणि इंजिन बंद पडलं. अप्पांनी चावी फिरवली. ते हललं नाही. बोनेटमधून वाफ निघत होती.

कुणी न सांगता सगळे उतरले. पोती, पेट्या, बोकड, सगळं खाली आलं. सगळ्यांनी मिळून जीप ढकलत कडेला नेली. अप्पा बोनेट न उघडता पुढच्या चाकाशी उभे राहिले.

"वझं झालं," ते म्हणाले. "माझंच चुकलं. तू सांगत होतास."

मी रेडिएटरचं सांगायला तोंड उघडलं. सगळे आमच्याकडे बघत होते. मी तोंड मिटलं.

नंतर उस्तादांनी इंजिन उघडलं, तेव्हा दोन पिस्टनला ओरखडे होते आणि नवा बोर खराब झाला होता. ओझ्यानं झालं की रेडिएटरनं, असं मी त्यांना फोनवर विचारलं. इंजिन ते सांगत नाही सर, एवढंच ते म्हणाले. त्यांनी अप्पांना काही सांगितलं नाही, आणि मी तर अजूनही सांगितलेलं नाही. पुन्हा बोर करायचं म्हणजे सगळं पहिल्यापासून, आणि तेवढं बळ माझ्यात लवकर येईल असं दिसत नाही. जीप अंगणात उभी आहे. माय तिच्या कॅरिअरला दोरी बांधून कपडे वाळत घालते. ते आता आत न्यावे लागत नाहीत.

त्या दिवशी चढावर आम्ही बराच वेळ उभे होतो. बाजार भरला असणार, आणि कासारणीची बोहणीची वेळ निघून चालली होती. पेटीवर बसून ती पदरानं वारा घेत होती. मग अप्पा रस्त्याच्या मध्याकडे दोन पावलं गेले. खालून एक पांढरी गाडी चढ चढत येत होती. अप्पांनी हात केला. मी त्यांना हे करताना कधीच पाहिलं नव्हतं. हात कसा करायचा हेही त्यांना नीट ठाऊक नसावं. त्यांनी तो खांद्याच्या वर नेलाच नाही, नुसता पुढे धरला.

गाडी वेग कमी न करता आमच्या शेजारून गेली.

अप्पांनी हात खाली घेतला आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "भरलेली असंल."

गाडी माझ्या बाजूनं गेली होती. आत चालवणाऱ्याशिवाय कुणी नव्हतं. मी म्हणालो, हो, भरलेली होती.