आक्काच्या खाचरातले मासे

आखाड लागला की आक्काकडून वानवळा यायचा. कुणाच्या घरून नवे तांदूळ येतात, कुणाच्या घरून पहिल्या तोड्याची भेंडी येते. आक्काकडून मासे यायचे. कापडी पिशवीत सागाच्या पानांत गुंडाळलेले, अजून ओले. पिशवी रिकामी परत द्यायची नसते म्हणून बायको तिच्यात गुळाचा खडा किंवा मूठभर डाळ घालून परत पाठवायची.

आक्का माझी थोरली चुलत बहीण. नव्वदच्या दशकात धरणाचं पाणी चढलं आणि आमचं गाव पाण्याखाली गेलं. आम्ही शिनोलीत रस्त्याच्या कडेला येऊन बसलो. आक्काचं मन काही निघेना. धरणाचा फुगवटा जिथं संपतो तिथंच काठावर तिनं घर बांधलं. दाजींची कंबर धरलेली, त्यामुळे घर तीच ओढायची. ओढा धरणाला मिळतो त्या उथळ पाण्यात ती बांबूच्या कामट्यांचे सापळे लावायची आणि डोक्यावर पाटी घेऊन रस्त्याकडेच्या वाड्यांवर मासे विकायची. तिच्याकडे होडी नव्हती, मोठं जाळंही नव्हतं.

मी तेव्हा धरणावरच्या मच्छीमार संस्थेचा सचिव होतो. मासे सभासद धरायचे, मी बोलायचं काम करायचो. आणि त्या वर्षांत बोलण्यासारखं एकच होतं: मासा कमी झालाय. दरसाल आम्ही धरणात मत्स्यबीज सोडायचो, पण जाळी हलकीच वर यायची. कुणी पाणकावळ्यांना शिव्या घालायचं, कुणी समोरच्या काठावरच्यांना. एकदा तर भीमाशंकरला जाणाऱ्या गाड्यांच्या हॉर्नमुळे मासा तळाला बसतो असंही ठरलं.

मग संस्थेनं मला शिबिराला धाडलं, खाली समुद्रकाठी. माणूस शिबिराहून आला की घरच्यांना पुढे महिनाभर त्रास असतो, तसा माझ्याही घरच्यांना झाला. मी दिसेल त्याला सांगत सुटलो, की पावसाळ्यात तिकडे होड्या वाळूवर ओढून ठेवतात, नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राला जाळं लावत नाहीत, कारण ते माशाच्या विणीचे दिवस. तिथल्या साहेबांनी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती. मासा जिथं अंडी घालतो आणि पिल्लं जिथं वाढतात ती जागा शोधा आणि तेवढी तरी सोडा. धरणालाही तोच नियम. मी परत आलो तो ती जागा शोधायचीच असं ठरवून. सभासदांना विचारावं तर प्रत्येक जण दुसऱ्याच्याच जागेकडे बोट दाखवायचा.

जागा सापडली ती आमच्या स्वयंपाकघरात. आक्काचा वानवळा आला होता आणि बायको विळीवर मासे साफ करत होती. ती म्हणाली, “वन्संच्या माशांचं बरं आहे. एकाचंही पोट रिकामं नाही, सगळ्यांत गाभोळी.” मी उठून बघितलं. प्रत्येक पोटात पिवळी अंडी गच्च भरलेली. त्याच आठवड्यात मोठ्या पाण्यातल्या जाळ्यांत आलेला मासा मी बघितला होता, त्यात गाभोळीचा क्वचितच एखादा. मला इतका आनंद झाला की मी ते कालवण दोनदा वाढून घेतलं. आज ते आठवलं की लाज वाटते.

दुसऱ्याच दिवशी मी आक्काकडे गेलो.

“भाऊ, आज कशी वाट घावली?” ती म्हणाली.

“तुझे मासे कुठं घावतात ते बघायचंय,” मी म्हणालो.

ती हरखून गेली. तिच्या कामाची चौकशी करायला तोवर कुणीच आलं नव्हतं. तिला वाटलं, भाऊ बहिणीचा संसार बघायला आलाय, आणि मी तिला तसं वाटू दिलं. लुगडं खोचून ती पाण्यात उतरली, मी चपला हातात घेऊन मागे. पाणी पोटरीपर्यंत. पायाखाली एकदम कडक लागलं.

“बांध हाय त्यो. आपल्या आज्यानं घातल्याला,” ती म्हणाली. “ह्ये माझं खाचर. हितं आंबेमोहोर व्हायचा, आठवतंय न्हवं?”

मला आठवत होतं. बांधाच्या आत पाणी संथ होतं आणि गवत माजलेलं. आक्कानं गवतात ओंजळ घातली आणि वर काढली. ओंजळीत बारीक पिल्लं वळवळत होती. तिनं ती परत सोडली आणि हात पदराला पुसत म्हणाली, “आधी भात व्हायचा, आता मासं व्हत्यात. जमीन काय रिकामी ऱ्हात न्हाय, भाऊ.”

साहेबांनी शिबिरात फळ्यावर काढलेली जागा मी डोळ्यांनी बघत होतो. जेवताना आक्कानं मला आग्रह करकरून वाढलं.

संस्थेच्या मीटिंगला मी ठराव मांडला: आखाडापासून नारळी पौर्णिमेपर्यंत ओढ्याचं तोंड बंद, तिथं जाळं नाही, सापळा नाही. एक म्हातारा सभासद म्हणाला, “सचिव, समिंदरावर समदा समिंदर बंद असतो म्हणता. मंग आपलं समदं धरण का नगं?”

प्रश्न सरळ होता. उत्तरही मला ठाऊक होतं: धरण बंद केलं असतं तर समोर बसलेल्या प्रत्येकाच्या घरची चूल अडली असती, आणि पुढच्या निवडणुकीत सचिव दुसराच कुणी झाला असता. मी म्हणालो, “सुरुवात तर करू.” ठराव एकमतानं मंजूर झाला. का होणार नाही? त्या बांधांत होड्या अडकायच्या, कुणी सभासद तिकडे फिरकतच नव्हता. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला कुणाची ना असते? ज्या एका बाईचं त्यावर पोट होतं ती सभासद नव्हती, कारण सभासद व्हायला होडी लागायची.

आक्काला सांगायला मीच गेलो. फार घोळ घातला. माशांचं भलं, पुढच्या पिढ्या, समुद्र, साहेब, सगळं सांगून झालं.

“आन् बाकीचं धरण?” तिनं विचारलं.

“ते चालू राहील.”

“मंजे माझ्या खाचरातला मासा मोटा व्हनार आन् तिकडं जाऊन त्यांच्या जाळ्यात घावनार.”

मी म्हणालो, नारळी पौर्णिमेनंतर तू लाव की सापळे. ती हसली. अंडी घालायला उथळात चढलेला, चढणीचा मासा एकदा परत फिरला की उथळात काय उरतं, हे तिला सांगावं लागत नव्हतं आणि मलाही.

“जमीन घेतली तवा सायेब आलं व्हतं,” ती म्हणाली. “त्येंची भाषाच कळत न्हवती. ह्या वक्ताला सोताचा भाऊ आला, तेवडं बरं झालं. समजलं तरी.”

ती ओरडली असती तर मी भांडलो असतो. मला तोंड आहे, राग तर नाकावर असतो. पण तिनं चहा टाकला, आणि मला तो प्यावा लागला.

ओढ्याच्या तोंडाशी आम्ही बांबू रोवले, वर लाल फडकी बांधली. आक्कानं सापळे उचलले ते उचललेच. पहाटेच्या जीपनं ती खाली अवसरी बुद्रुकला जाऊ लागली. तिकडे बागायतदारांच्या बराखीत साठवलेला कांदा निवडायचा, सडका बाजूला करायचा. दिवसभर उकिडवं बसून. पाण्यात उभी राहणारी बाई ती. रस्त्यावर जीप दिसली की मी आत टपरीत शिरायचो.

दोन-तीन वर्षांत मासा खरंच वाढला. धरणाचा मासा जुन्नरच्या बाजारापर्यंत जाऊ लागला. सभेत मला शाल आणि नारळ मिळाला. लोक पाठ थोपटायचे आणि मला ती पाठ कुठं लपवावी कळायचं नाही. मी चुकीचं काहीच केलं नव्हतं. जागा खरी होती, ती राखायलाच हवी होती, आजही तेच म्हणेन. तरीही मासा ताटात आला की घास फिरायचा. बायको म्हणायची, “एवढं लागतंय तर जाऊन बोला ना बहिणीशी. मला कशाला तोंड पाडून दाखवता?”

मधली वर्षं वानवळा आला नव्हता. मग एका आखाडात तीच कापडी पिशवी पुन्हा दारात आली. आत कांदे. निवडून काढलेले, एकसारखे, कोरडे. मजुरीबरोबर मूठभर मिळतात त्यातले. माझी बहीण परक्याच्या बराखीतला वानवळा मला पाठवत होती. मी पायरीवर बसलो आणि रडलो, बायकोसमोर.

“पिशवीत काय घालू?” कांदे सुपात ओतून तिनं विचारलं. सकाळीच एका सभासदानं ताजा रोहू आणून दिला होता, हातभर लांब. मीच म्हणालो, “हा घाल. मी घेऊन जातो.” तिच्या खाचरातला मासा तिच्या घरी जाईल, असं काहीतरी माझ्या मनात होतं.

आक्का नुकतीच जीपमधून उतरली होती. हाताला कांद्याची साल चिकटलेली. तिनं पिशवी घेतली, मासा बाहेर काढला आणि त्याच्या पोटावरून अंगठा फिरवला.

“भाऊ, ह्यो कुटं धरला?”

मी सांगितलं, मोठ्या पाण्यात. मग तिच्या डोळ्याला डोळा देता येईना म्हणून खरं काय ते सांगितलं. आमचे सभासद हल्ली लाल फडक्यांच्या अगदी बाहेर, हातभर अंतरावर जाळी लावत होते. ओढ्याकडे निघालेला मासा तिथं सगळा मिळायचा. ठरावात त्याला मनाई नव्हती. ठराव मीच लिहिला होता.

तिनं मासा परत पिशवीत ठेवला, पिशवी माझ्या हातात दिली.

“गाभोळीचा हाय,” ती म्हणाली. “ह्येला सोडायचा व्हता. म्या सोडला, तुमी का न्हाय सोडला?”