तात्यारावांचं बारावं घर

आळंद रोडच्या मागच्या वस्तीतलं तात्यारावांचं घर आठ महिने विकायला काढलेलं होतं. त्याच गल्लीत, चार घरं सोडून, मल्लेशने घेतलेलं घर डागडुजी होऊन नऊ आठवड्यांत विकलं गेलं. तात्यारावांना आपलं विकलं न गेल्याचा त्रास होता. त्याचं विकलं गेल्याचा त्याहून जास्त होता.

तात्याराव मूळचे हळ्ळीखेडचे. शेती भावाच्या हाती देऊन वीस वर्षांपूर्वी ते गुलबर्ग्यात आले आणि जुनी घरं घ्यायची, दुरुस्त करायची, विकायची, हा धंदा त्यांनी धरला. कागदांच्या बाबतीत माणूस पक्का. सगळ्या वारसांची, लग्न होऊन गेलेल्या बहिणींचीही संमती मिळाल्याशिवाय इसार द्यायचे नाहीत. घरावर कर्जाचा बोजा आहे का ते तपासल्याशिवाय पायरी चढायचे नाहीत. अकरा घरं विकली, एकही कोर्टात गेलं नाही. स्वतः मात्र भाड्याच्या दोन खोल्यांत राहिले. पुढचं घर आपल्याला, असं ते पत्नीला, वच्छलाबाईला, प्रत्येक वेळी सांगत आले होते.

या बाराव्या घराच्या वेळी तिने हुज्जत घातली नाही. दिवाळीपर्यंत विकलं नाही तर भांडी घेऊन तिथेच राहायला जाते, एवढंच म्हणाली. तात्यारावांचं होतं नव्हतं ते भांडवल त्या घरात अडकलेलं. तिथे चूल मांडणं म्हणजे धंद्यातून उठणं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

मल्लेश हा त्यांचाच गवंडी. बाप मेंढरं राखायचा. पोराने गिलाव्याची थापी पहिल्यांदा धरली ती तात्यारावांच्या तिसऱ्या घरावर. नऊ वर्षं हाताखाली होता. कामात एकच खोड, फरशी बसवण्याआधी जुनी उखडायची म्हणून अडून बसायचा. तात्याराव म्हणायचे, गिऱ्हाईक रंग बघतं, फरशीच्या पोटात कोण बघायलंय. तीन वर्षांपूर्वी मल्लेश बाहेर पडला आणि त्याने स्वतः घरं घ्यायला सुरुवात केली.

तेव्हापासून तात्याराव बाजारात जाताना लांबच्या वाटेने, मल्लेशच्या कामावरून जायचे. दारात किती चपला आहेत ते मोजायचे. कडगंचीच्या विद्यापीठातला कुणी नोकरदार घर बघायला आला, तर तो किती वेळ आत होता हे त्यांना घड्याळासकट सांगता यायचं. कुणी मल्लेशचं नाव काढलं की ते म्हणायचे, त्याचं नशीब जोरात हाय. हात चांगला आहे, असं कधी म्हणाले नाहीत.

शेवटी त्यांनी वच्छलाबाईला पाठवलं, मल्लेशचं याच गल्लीतलं पुढचं घर बघून यायला. मल्लेश तिला अक्का म्हणायचा, लपवाछपवीचं कारण नव्हतं. ती तासाभराने आली ती विचारात पडूनच. दाराशी पाण्याने भरलेलं पिंप ठेवलंय आणि त्यात प्लॅस्टिकचा मग, असं तिने सांगितलं. येणाऱ्याला तो म्हणतो, कुठंही ओता आणि पाणी कुठं जातंय ते बघा. न्हाणीत ओता, गच्चीवर ओता. वर पश्चिमेच्या खोलीत स्वतःच नेतो आणि सांगतो, या भिंतीला श्रावणात ओल येती, आधीच सांगायलोय.

तात्याराव हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी निळं पिंप आणलं, मल्लेशच्या पिंपापेक्षा मोठं.

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात आळंदकडच्या सिद्धव्वा मुलासोबत घर बघायला आल्या. शेतकरी बाई, नातवंडांच्या शाळेसाठी शहरात घर हवं होतं. पूर्वेचं दार आवडलं, बोअरला उन्हाळ्यात पाणी असतं का ते त्यांनी शेजारच्या बाईला विचारून घेतलं, कागद मुलाने वाचले आणि मान डोलावली. सगळं जुळत आलं होतं. मग तात्यारावांनी पिंपाकडे हात केला.

"घ्या अक्का. कुठंबी ओता."

हे वाक्य त्यांनी मल्लेशच्याच चालीत म्हटलं. सिद्धव्वांनी मगभर पाणी न्हाणीत ओतलं. जुनी शहाबादी न उखडता तिच्यावरच नवी फरशी चिकटवलेली, त्यामुळे जमीन वर आली होती आणि उतार गेला होता. पाणी क्षणभर थांबलं. मग मोरीच्या भोकाकडे पाठ फिरवून स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडून आलं. सिद्धव्वांनी लुगडं उचललं.

"अण्णा, हे तर तुमच्याकडंच यायलंय."

मुलगा हसला. जाताना सिद्धव्वांनी विचारलं, या गल्लीत आणखी एकाकडे पिंप असतं म्हणे, त्याचं घर कुठलं? तात्यारावांनी बोट दाखवलं. बोट दाखवायला फार वेळ लागला.

दिवाळी झाली. वच्छलाबाईने भांडी हलवली. पहिल्याच सकाळी आंघोळीचं पाणी पिठाच्या डब्याखाली गेलं. तिने डबा उचलून ओट्यावर ठेवला आणि मल्लेशला फोन केला.

तो आला, एक मग ओतून बघितला. "अण्णा, वरची काढावी लागंल. खालची शहाबादी बी."

तात्यारावांनी मजुरी विचारली. त्याने नाही म्हणावं, नाहीतर अवाच्या सवा सांगावी, असं त्यांना मनातून वाटत होतं. रागाला धरायला काहीतरी मिळालं असतं. मल्लेशने सगळ्यांना सांगतो तोच दर सांगितला.

चौथ्या दिवशी पाणी सरळ भोकात गेलं. वच्छलाबाईने दोनदा ओतून बघितलं. तात्याराव दारात उभे होते, 'मी तवाच सांगितलं व्हतं' या वाक्याची वाट बघत.  मल्लेश मात्र थापी धुता धुता खिडकीतून समोरच्या कुलूपबंद घराकडे बघत होता. त्या घरासाठी तात्याराव, हातात पैसा नसतानाही, महिनाभर खेटे घालत होते.

"अण्णा, त्या घराचे वारस किती हैत हो?"

"माहीत न्हाई," तात्याराव म्हणाले.

"पाच," वच्छलाबाई न्हाणीतून म्हणाली. "एक बहीण सोलापूरला हाय. ती सही द्यायली न्हाई."

आणि तिने तिसरा मग ओतला.