मागचा नांगर

आधीच सांगतो, भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून जाणारा माणूस. हयात इंजिनरूममध्ये गेली. मशीन बंद पडलं तर त्याला कारण असतं, चालू झालं तरी असतं... एवढंच मला ठाऊक. पण ही गोष्ट माझ्या बहिणीच्या कुंकवाची आहे, म्हणून लिहितोय.

नव्वदीच्या दशकाचा शेवट. आमचं जहाज दुबईजवळच्या उम्म अल कुवैन बंदराबाहेर नांगरून पडलेलं. जुनं, दुसऱ्या महायुद्धातलं लँडिंग शिप. तोंड उघडून पुढचा रॅम्प पाडायचा, की सैनिक आणि रणगाडे थेट वाळूवर! लढाई संपल्यावर विकलं गेलं. मग कधी लाकूड, कधी बकऱ्या आणि शेवटी आखातात खडी वाहणं. मालक गायब झाला तेव्हा आम्ही चौघं वर होतो. कराचीचे म्हातारे कप्तान, खलाशांचा मुकादम असलेला बांगलादेशी सारंग, इंजिनाला तेलपाणी करणारा मी ऑइलर आणि माझे भावोजी, म्हणजे जहाजाचे भंडारी, स्वयंपाकी. पासपोर्ट मालकाच्या ऑफिसात, ऑफिसला कुलूप. डिझेल संपलं, रेडिओ मेला, जहाजाची छोटी होडी तर आधीच फुटलेली. किनाऱ्यावरच्या गाड्या दिसायच्या हो! जाणाऱ्या लाँचवाल्यांना घसा फुटेस्तोवर हाका मारायचो. "इन्शाल्ला हबीबी, कल!" म्हणत ते निघून जायचे.

भावोजी गुहागरचे. भात झाला की पहिला घास मागच्या नांगराची तार गुंडाळलेल्या विंचवर नेऊन ठेवायचे, राखणदाराला. तांदूळ तळाला गेला तेव्हा माझं डोकं फिरलं.

"भावोजी, राखणदार गावाला असतो. हे लोखंड इंग्रजांचं आहे!"

"दिनू, जागा आली की तिला राखणारा आलाच. आपण जेवायचं नि त्याला उपाशी ठेवायचं?"

कप्तान हसले नाहीत. लढाईत याच जहाजावर घडलेली एक गोष्ट त्यांनी जुन्या खलाशांकडून ऐकली होती. "रॅम्प जल्दी गिरा दिया था. पानी गहरा था, पीठ पे बोझ... बेचारे सिपाही सीधे नीचे गये."

मग भावोजींच्या पोटात दुखायला लागलं. ताप चढला, पोट लाकडासारखं कडक झालं. मी शर्ट पेटवून धूर केला, चादरी हलवल्या. कोणी आलं नाही. बहिणीला काय सांगायचं, एवढंच डोक्यात फिरत होतं.

आणि भर दुपारी शमाल, आखातातला तो वाळूचा वारा, सुटला. वाळूने आकाश पिवळं झालं, पुढच्या नांगराची साखळी तुटली आणि जहाज आडवं होऊन किनाऱ्याकडे वाहायला लागलं. आडवं लागलं असतं तर उलटलंच असतं. अशा जहाजाची एक रीत असते. किनाऱ्यावर चढायच्या आधी मागचा नांगर लांब समुद्रात सोडतात. तो मागून धरून ठेवतो, मग तोंड सरळ वाळूकडे राहतं.

"यल्ला! पीछेवाला लंगर डालो!" कप्तान ओरडले.

"साहब, ब्रेक जाम है!" सारंग विंचवरून ओरडला.

वर्षानुवर्षांचा गंज. मी आणि सारंगने घण घातले, हात सोलवटले, ब्रेक ढिम्म हलला नाही. शेवटी मी रडायलाच लागलो. कप्तानांनी आम्हाला पुढे बोलावलं, भावोजींना रॅम्पपाशी आणायला सांगितलं. चौघंही पुढे होतो. मागे कोणी नव्हतं.

तेवढ्यात मागून तार सुटल्याचा खडखडाट झाला. जहाजाला हिसका बसला आणि ते हळूहळू वळलं. लाटा पाठीवर, तोंड वाळूकडे! आम्ही हाताने रॅम्प पाडला. तो कोरड्या वाळूवर टेकला. भावोजींना खांद्यावर घेऊन उतरलो, पाऊलसुद्धा भिजलं नाही. रस्त्यावर एका पठाणाने पिकअप थांबवली आणि हॉस्पिटलला नेलं. अपेंडिक्स फुटलं होतं. उशीर झाला असता तर खलास, असं डॉक्टर म्हणाले.

पुढे पोलिसांबरोबर सामान आणायला गेलो तेव्हा मी सरळ मागचा विंच गाठला. तार समुद्रात ताणून गेलेली. ब्रेकवर आमच्या घणांचे वण आणि गंज जसाच्या तसा, कुठे तडासुद्धा नाही. ब्रेक सुटल्याशिवाय तार जाते कशी? पुष्कळ इंजिनियरांना विचारलं. एकानेही धड उत्तर दिलं नाही. कप्तान एवढंच म्हणाले, "हमने नहीं डाला, बेटा."

तिथून हॉस्पिटलला गेलो. यातलं भावोजींना मी काहीच सांगितलं नव्हतं, आणि जहाजावर तर ते तापात बेशुद्धच होते. मला बघून त्यांनी हात धरला.

"दिनू, ते सगळे उतरले ना रे?"

"कोण सगळे?"

"रॅम्पपाशी उभे होते ते. ओलेचिंब, पाठीवर ओझी. एकाने वाकून माझे पाय भिजलेत का ते बघितलं. मग मागे वळून हात वर केला... थांबा, अजून थांबा, असा. बराच वेळ धरून होता. मग खाली केला, नि मागून खडखडाट झाला."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"उतरले, भावोजी," मी म्हणालो. "सगळे कोरड्यात उतरले."