उंबऱ्यावरच्या आत्याबाई

आत्याबाई माझ्या शिवणवर्गाला सात महिने रोज आल्या आणि त्यांनी एकदाही सुईला हात लावला नाही. त्या शिकायला येतच नव्हत्या, राखणीला येत होत्या. शाळेच्या मागच्या खोलीत दुपारी वर्ग भरायचा. त्या खोलीच्या उंबऱ्यावर एक पाय आत आणि एक बाहेर टाकून त्या बसायच्या. बायका आत आल्या की बोट नाचवत मोजायच्या. वर्ग सुटला की पुन्हा मोजायच्या. बारा भरल्या की मगच कमरेवर हात ठेवून उठायच्या. मी वर्गाची बाई नसून वाडीत शिरलेला लांडगा आहे, अशी माझी पहिले काही दिवस खात्रीच झाली होती.

साठ सालच्या आसपासची ही गोष्ट. मुळशी तालुक्यात मुठा गावाच्या पुढे डोंगराला चिकटून दोन वाड्या होत्या, वरची आणि खालची. खेड्यातल्या बायकांना हातचं काम शिकवून रोजगाराला लावायचं, अशी एक सरकारी योजना तेव्हा निघाली होती. मी पुण्यातून शिवणाची परीक्षा पास झालेली, बावीस वर्षांची, आणि घरातून पहिल्यांदाच बाहेर पडलेली. माझी नेमणूक वरच्या वाडीला झाली. खालच्या वाडीला दुसऱ्या एक बाई होत्या. सात महिने शिकायचं, मग प्रत्येकीला एक शिवणयंत्र मिळणार, आणि शाळांचे गणवेश शिवायचं काम सरकार घरपोच देणार, असं मला सांगितलं होतं. मी ते तसंच्या तसं वाडीला सांगितलं.

सगळे गप्प बसून ऐकत होते. आत्याबाई तेवढ्या बोलल्या.

"शिकवनार बी तुमी, मशीन बी तुमीच देनार, काम बी तुमीच देनार. आनी घेनार काय?"

"काहीच नाही," मी म्हटलं.

"काईच न्हाई? मंग लईच घेनार."

वाडीतल्या लहानथोर सगळ्यांच्याच त्या आत्याबाई. सासर सोडून तरुणपणीच माहेरी आलेल्या आणि भावाच्या घरी राहिलेल्या. भावाची सून हौसा हिला शिवण शिकायची फार हौस होती. तिला पाठवायचं की नाही यावर घरात चार दिवस वाद झाला आणि शेवटी आत्याबाई सोबत जातील या अटीवर तिला मोकळीक मिळाली. ते कळल्यावर बाकीच्या घरांनीही आपापल्या सुना पाठवल्या. आत्याबाई आहेत म्हणजे काळजी नको. माझा वर्ग भरला तो सरकारच्या आश्वासनावर नव्हे, आत्याबाईंच्या संशयावर.

मापं घ्यायला शिकवायची वेळ आली त्या दिवशी मी हौसाला पुढे बोलावलं, टेप लावली आणि आकडे वहीत लिहिले. उंबऱ्यावरून आवाज आला, "ते काय लिवलं?"

"माप. पोलक्याचं."

"बाईमानसाच्या अंगाचं माप सरकारच्या वहीत कशापायी?"

मी समजावून पाहिलं, मग चिडून पाहिलं. वही सरकारची नाही, माझी आहे, हेही सांगितलं. आत्याबाई उठल्या, ते पान माझ्याकडून फाडून घेतलं आणि घरी नेऊन चुलीत घातलं. तेव्हापासून आमची मापं जमिनीवर खडूने लिहिली जायची आणि वर्ग सुटायच्या आत हौसा ती ओल्या फडक्याने पुसायची.

पुण्याहून एकदा फोटो काढायला माणूस आला. अहवालात छापायला हवा होता म्हणे. मी बायकांना नीट ओळीत बसवलं, मधे वर्गाची दोन मशिनं ठेवली. फोटोवाल्याने काळ्या कापडात डोकं घातलं तेवढ्यात आत्याबाई ओरडल्या, "पदर!" आणि बाराही जणींनी तोंडावर पदर ओढले. तो फोटो माझ्याकडे बरीच वर्षं होता. त्यात दोन मशिनं, बारा पदर आणि हसू दाबणारी मी, एवढंच दिसतं.

त्यांचा सगळ्यात जास्त संशय माझ्या पत्रांवर होता. मी दर दोन-तीन दिवसांनी पुण्याला आईला पत्र लिहायचे. पोस्टमन ती घेऊन जाताना आत्याबाई पाहायच्या. एक दिवस त्या माझ्या खोलीवर आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "आमचं काय काय कळवता वर?"

मला इतका राग आला की लिहायला घेतलेलं पत्र मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. आईला दम्याचा त्रास होता. रात्री कोण उठतं, औषध वेळेवर घेतेस का, मी इकडे येऊन चूक केली का, असलं सगळं त्यात होतं. वाचता वाचता मीच रडायला लागले. आत्याबाई निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी हौसाच्या हातून मधाची बाटली आली, आईला पाठवायला. त्या दुपारी उंबऱ्यावर बसताना आत्याबाई म्हणाल्या, "जेवलीस का?" तोवर त्या मला 'तुमी' म्हणायच्या.

सासर का सोडलं, हे मला हौसाने सांगितलं. आत्याबाईंचं लग्न होऊन दोन वर्षं झाली असतील. त्यांच्या सासरच्या गावात एक मुकादम आला. कामाला लावतो, म्हणाला, आणि कागद पुढे केला. गावातल्या सहा जणांनी आंगठे दिले. त्यात आत्याबाईंचा नवरा होता. कागदावर काय लिहिलंय हे सहांपैकी एकालाही वाचता येत नव्हतं. पाच जण तीन वर्षांनी परत आले, खंगलेले. काम सोडायची मुभाच नव्हती, तसं त्या कागदात होतं, असं त्यांनी सांगितलं. सहावा आला नाही. तो मेला, की पळाला, की कुठे दुसरीकडे राहिला, हे आत्याबाईंना कधीच कळलं नाही. "त्यांच्यासमोर कामाला लावतो असं म्हनू नका बाई," हौसा मला म्हणाली. मी तर पहिल्याच दिवशी ते शब्द चार वेळा उच्चारले होते.

फाल्गुनात वर्ग संपत आला. बायकांचा हात आता चांगला बसला होता. झबली, पोलकी, पोरांच्या चड्ड्या, काजं सगळं जमायला लागलं होतं. हौसाची शिलाई तर माझ्यापेक्षा सरळ यायची. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात योजनेचे साहेब जीपने आले. साहेब तसे भले गृहस्थ, मृदू बोलणारे. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "मशिनं मंजूर झाली आहेत. यायला थोडा उशीर आहे. पण मार्चअखेर आहे, पावत्या आजच हव्यात. तेवढं करून टाका."

मी बायकांना ओळीत बसवलं. शाईची डबी उघडली. माझ्या मनात काहीही आलं नाही, हे मी कबूल करते. साहेब म्हणाले म्हणजे तसंच असणार. हौसा पहिली होती. तिला मी नाव लिहायला शिकवलं होतं. तिने टाक हातात घेतला आणि उंबऱ्यावरून आवाज आला.

"काय लिवलंय त्ये वाच आदी."

मी वाचलं. "मला एक शिवणयंत्र चालू स्थितीत मिळाले. सबब ही पावती."

आत्याबाईंनी खोलीभर नजर फिरवली. "कुटं हाय?"

साहेब हसले. "आजी, मशीन येणारच आहे. वरून मंजूर झालंय."

"मंग 'येनार हाय' असं लिवा. समद्या आंगठा देतील."

"तसं लिहिता येत नाही हो. छापील कागद आहे." मग ते माझ्याकडे वळले. "बाई, तुम्हीच समजावून सांगा यांना. तुमच्यावर विश्वास आहे त्यांचा."

तेरा जणी माझ्याकडे बघत होत्या. आत्याबाई उठून आत आल्या. सात महिन्यांत त्या उंबरा ओलांडून आत आलेल्या मी दुसऱ्यांदाच पाहत होते. अगदी माझ्यासमोर उभ्या राहून त्यांनी विचारलं, "तू सांग. तुजी आई हितं बसली असती, तर तिला द्यायला लावला असतास का आंगठा?"

माझी नोकरी साहेबांच्या हातात होती. माझ्या पगारावर आईचं औषध चालत होतं. मी कागदाकडे पाहिलं. मिळाले, असं छापलेलं होतं. मी म्हटलं, "नाही. जे मिळालं नाही, ते मिळालं म्हणून नका देऊ लिहून."

साहेब रागावले नाहीत. कागद गोळा करत ते एवढंच म्हणाले, "नुकसान यांचंच आहे. मंजुरी परत जाईल." आणि जीप उताराला लागली.

खालच्या वाडीने आंगठे दिले होते. तीन आठवड्यांनी तिथे बारा मशिनं आली. बैलगाड्यांतून नेताना ती आमच्या वरच्या वाडीतून स्पष्ट दिसत होती. बायका वाडीच्या कडेशी उभ्या राहून बघत होत्या. दुसऱ्या दिवसापासून पाणवठ्यावर आत्याबाई आल्या की बायका हंडे उचलून निघायला लागल्या. हौसाने घरात त्यांच्याशी बोलणं सोडलं. "आत्याबाईच्या संशयानं आमचं हातातलं गेलं," असं मी माझ्या कानांनी ऐकलं. माझ्याही पाठीमागे काही वेगळं बोलत नसावेत.

वर्ग संपला होता आणि माझ्या बदलीचा कागद आला होता. निघण्याआधी मी आत्याबाईंच्या घरी गेले. त्या मागच्या अंगणात नाचणी पाखडत होत्या. मान वर न करताच त्यांनी विचारलं, "मी चुकले व्हय गं?"

मशिनं तर खरोखरच आली होती.

"चुकले आसंन," त्या म्हणाल्या. "पर खोटं लिवलेलं मागनं खरं झालं, म्हून लिवलं तवा ते खरं हुतं व्हय?" मग सूप खाली ठेवून म्हणाल्या, "माजा एक कागद लिवून दे."

मी कागद घेतला. 'सविनय विनंती अर्ज ऐसाजे' असा थाटात मायना घातला. 'कृपावंत होऊन विचार व्हावा' असा शेवट केला. आत्याबाईंनी तो माझ्यापुढेच शाळेच्या मास्तरांकडून वाचून घेतला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "ह्ये कोन बोल्लं? मी न्हाई बोल्ले." मी दुसरा कागद घेतला. या वेळी त्यांनी शब्द न् शब्द सांगितला आणि मी तसाच उतरवला. 'आम्ही बारा जणी सात महिने शिकलो. आम्हाला मशीन मिळालं नाही. म्हणून मिळालं असं लिहून दिलं नाही. आता मशीन द्या, मग मिळालं असं लिहून देतो.' तो त्यांनी आधी मास्तरांकडून वाचून घेतला आणि मग, मास्तर आणि मी एक झालो असलो तर काय घ्या, म्हणून पोस्टमनकडूनही. दोघांचं वाचन जुळलं तेव्हा त्यांनी शाईच्या डबीत आंगठा बुडवला. आयुष्यात पहिल्यांदाच. मी त्यांचा हात धरायला गेले तर म्हणाल्या, "सोड. माजा मी देते."

पुढचं मला हौसाच्या पत्रांतून कळलं. मोठ्या, वेड्यावाकड्या अक्षरात ती लिहायची. आत्याबाई दर महिन्याला डोंगर उतरून पौडाला, तालुक्याच्या कचेरीत, चालत जात. कचेरीतला कारकून त्यांना बसायला सांगे, पाणी देई, आणि कागद वर पाठवलाय असं म्हणे. "वर म्हंजी कुटं?" असं त्या विचारत. पुण्याला, असं कळल्यावर त्या पुण्यालाही दोनदा जाऊन आल्या. पावसाळाभर डोक्यावर इरलं घेऊन त्यांची पायपीट चालली होती. चौथ्या खेपेला हौसा त्यांच्याबरोबर गेली. बोलणं तेव्हा पुन्हा सुरू झालं असावं, तिने तसं लिहिलं मात्र नाही.

दिवाळीनंतर बारा मशिनं वरच्या वाडीत आली. आत्याबाईंनी एकेक खोका फोडायला लावला, प्रत्येक मशीनवर चिंधी शिवून बघायला लावली, आणि मगच एकेकीला पावती द्यायला सोडलं. एका मशीनचं शटल, खालचा दोरा ओवणारा भाग, फुटकं निघालं. ते बदलून येईपर्यंत त्या बाईचा आंगठा त्यांनी रोखून धरला. गणवेशांचं काम काही सरकारने कधी घरपोच दिलं नाही. पण मशीन घरात होतं आणि हात शिकलेला होता. हौसाने आसपासच्या गावांची पोलकी शिवायला घेतली.

मी सहा-सात वर्षांनी एकदा वरच्या वाडीत गेले. आत्याबाई ओट्यावर बसल्या होत्या. दृष्टी गेली होती. मी जवळ जाऊन म्हटलं, "आत्याबाई, मी. शिवणाची बाई."

"कशावरनं?"

त्यांनी हात पुढे केला. मी माझा हात दिला. त्यांनी माझ्या डाव्या हाताची बोटं एकेक करून चाचपली. सुई लागून लागून तर्जनीचं टोक राठ झालं होतं, तिथे त्यांचं बोट थांबलं.

"हौसे, च्या टाक," त्या म्हणाल्या. "बाईच हाय."

संध्याकाळपर्यंत आम्ही बोलत बसलो. त्यांनी नवऱ्याबद्दल माझी उलटतपासणी घेतली, तो कुठे काम करतो, तिथे कशावर सही केली, ती वाचून केली का. निघताना मी त्यांच्या पाया पडले आणि म्हटलं, "येते आत्याबाई. पुढच्या वर्षी मुलीला घेऊन येईन."

"येशील तवा खरं," आत्याबाई म्हणाल्या.

मला थोडं लागलं ते. एवढ्या वर्षांनी, एवढं सगळं झाल्यावरही माझ्या शब्दावर त्यांचा विश्वास बसू नये. एसटीत बसल्यावर मी मनातल्या मनात ठरवलं की पुढच्या वर्षी नक्की यायचं. पुढच्या वर्षी मुलीला गोवर झाला. त्याच्या पुढच्या वर्षी बदली होती. मग हौसाचं पत्र आलं, आत्याबाई गेल्या म्हणून. मी गेलेच नव्हते.