सिहोऱ्याच्या बाईंची स्कूटी

जबलपुरात कॅन्सरचा डॉक्टर मी असलो, तरी माझ्या दवाखान्यात खरा दरारा असायचा तो सिहोऱ्याच्या बाईंचा. आयुष्यभर शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या या बाई पहिल्या बसनं यायच्या आणि खुर्चीत बसायच्या आधीच मला विचारायच्या, "काहून रे, केस कापायला वेळ नाही मिळून राहिला का?" सलाईनमधून औषध चालू असताना त्या शेजारच्या रुग्णांना पाढे विचारत. पनागरचा एक धिप्पाड शेतकरी सतराच्या पाढ्यात असा अडकला, की पुढच्या खेपेला त्यानं हळूच मला विनवलं, "डॉक्टरसाहब, मेरा बेड जरा दूर लगवा दो." बाईंचा लिम्फोमा, म्हणजे गाठींचा कॅन्सर, त्या उपचारांनी गेला. त्या आनंदात बाईंनी स्कूटी घेतली, आणि तिलाच घाबरून वर चादर घालून अंगणात उभी करून ठेवली.

काही वर्षांनी, एका हिवाळ्यात, बाई आल्या आणि माझ्या वाढलेल्या केसांवरून न टोकता सरळ खुर्चीत बसल्या. मी लगेच तपासायला घेतलं. काखेत गाठ होती. दुसरंही काही असू शकतं म्हणून पुन्हा तुकडा काढून तपासला. आजार तोच होता. नागपूरला जाऊन कडक औषधं आणि मूळपेशींचं प्रत्यारोपण, हा एक मार्ग होता, पण त्यांच्या हृदयाला तो झेपला नसता. मी इंग्रजी शब्दांच्या आड लपत बोलू लागलो.

"मराठीत सांग," बाई म्हणाल्या.

"पूर्ण बरं होणं कठीण आहे, बाई. पण सौम्य औषधांनी काही काळ थोपवून धरता येईल."

"किती काळ?"

"माहीत नाही."

बाईंनी बाही वर सरकवली. मग म्हणाल्या, "चलो, सुरू कर. स्कूटी शिकायची राहिली ना माझी."

आणि त्या खरंच शिकल्या. एकदा रक्त गोठवणाऱ्या पेशींची संख्या घसरलेली असताना गुडघा काळानिळा करून आल्या. मी भडकलो, "या दिवसांत पडायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना?"

"मी कुठं पडले? स्कूटी पडली. मी तिच्यासोबत गेले."

दीड वर्ष औषधांनी साथ दिली. त्या काळात बाई स्कूटीवरून भाजी आणत, मैत्रिणींना मागं बसवून देवळात नेत, आणि वळताना हात दाखवण्याऐवजी ओरडून सांगत. मग गाठी पुन्हा वाढल्या. मी आणखी एका औषधाचं नाव काढलं, तेव्हा त्यांनी माझा हात धरला. "आता पुरे कर, बेटा. दुखणार नाही एवढं बघ." तेवढं मात्र मी शेवटपर्यंत बघितलं.

गेल्या महिन्यात कटनीला जाताना सिहोऱ्याला गाडी थांबवली. टपरीवर चहा घेतला. आता गावात कोणाकडेही जायचं नव्हतं. तरी चहा संपल्यावरही बराच वेळ तिथून पाय निघेना.